वाचक विचारतात : आधी रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवा

दिवाळी आटोपली की नागपुरात दोन हंगाम एकदमच सुरू होतात, नाटकांचा आणि सामन्यांचा. या अंकासाठी आलेली पत्रंही तशीच आहेत: निम्मी सभागृहांबद्दल, निम्मी मैदानांबद्दल. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. भाड्याचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. ते बदलत राहतात, आणि सभागृहाच्या कार्यालयात त्या दिवशी सांगतील तोच आकडा खरा.

आमची हौशी संस्था आहे. दोन अंकी नाटक, नऊ पात्रं, सेट एकच, जुन्या वाड्याची ओसरी. तीनशे-साडेतीनशे प्रेक्षक येतील. सायंटिफिक, देशपांडे की सुरेश भट सभागृह? भव्य आहे म्हणून मंडळींचा ओढा सुरेश भटकडे आहे.
— एका नाट्यसंस्थेचे कार्यवाह, प्रतापनगर

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं. आसनं सुमारे दोन हजार. संमेलन, गाण्याचा मोठा कार्यक्रम, पन्नास जणांचं नृत्यनाट्य यांना ती जागा शोभते. तुमचे साडेतीनशे लोक तिथे बसले तर सहा खुर्च्यांमागे एक भरेल. लोक विखरून बसतात, एका ओळीतला हशा पुढच्या ओळीपर्यंत पोचत नाही. दोन विनोद कोरडे गेले की नट वाक्यं पळवायला लागतो आणि पावणेदोन तासांचं नाटक दीड तासात उरकतं. ओसरीवरच्या नाटकाला माणसं खेटून बसलेली हवीत.

लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह हौशी मंडळींच्या सवयीचं आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्राचे प्रयोग तिथे होत आले आहेत, त्यामुळे तिथे काय मिळतं आणि काय बाहेरून आणावं लागतं हे सांगणारी दहा माणसं तुम्हाला गावात सापडतील. पहिली पसंती तीच ठेवा. सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह दुसरी. फक्त डिसेंबरातली तारीख घेत असाल तर हिवाळी अधिवेशनाचे दिवस आधी बघा. त्या काळात विधानभवनाच्या आसपासचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, आणि तुमच्या सेटची गाडी मोर्चामागे अडकली तर घंटा त्याच वेळी द्यावी लागते.

तारीख पक्की करण्याआधी एकदा सभागृह रिकामं असताना जा. तेही ज्या वेळेला प्रयोग लावणार त्याच वेळेला, कारण बाहेरच्या रस्त्याचा आवाज दुपारी वेगळा असतो आणि सात वाजता वेगळा. सोबत ३० मीटरचा टेप न्या. मंचाची दर्शनी रुंदी, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली आणि दोन्ही विंगांतली जागा मोजा. विंगेत १.५ मीटर तरी मोकळं हवं, नाहीतर नऊ पात्रांत एक कायम प्रेक्षकांना दिसत राहील. पहिल्या ओळीच्या अगदी कडेच्या खुर्चीत बसा आणि मंचावर माणूस उभा करा. तिथून ओसरीची दाराकडची बाजू दिसत नसेल तर दार मधे सरकवा. हा निर्णय सुताराकडे जाण्याआधी व्हायला हवा.

सामान आत नेण्याचं दारही मोजा. फ्लॅट, म्हणजे सेटची उभी चौकट, ८ बाय ४ चा असेल तर तो कशातूनही जातो. १० फुटी फ्लॅटला जिन्याचं वळण आडवं येतं. छोटा हाथीच्या हौद्याची लांबी जेमतेम सात फूट असते, म्हणजे आठ फुटी फ्लॅट तिरके उभे करून बांधावे लागतील. दहा फुटी असतील तर मोठी गाडी सांगा.

मंचावर उभं राहून एक टाळी वाजवा. मागच्या भिंतीवरून ती स्वच्छ, वेगळी ऐकू आली तर तिथे प्रतिध्वनी आहे. भिंत २५ मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो, आणि तेवढ्या वेळात नटाचं पुढचं अक्षर तोंडातून निघालेलं असतं. सभागृह भरलं की हे कमी होतं, कारण माणसं आणि कपडे आवाज शोषतात. निम्मं भरणार असेल तर ती टाळी लक्षात ठेवा.

कार्यालयात एवढं विचारा: सेट लावायचा वेळ सत्रात धरतात की त्याचे वेगळे पैसे, जनरेटरवर मंचाचे दिवे चालतात की फक्त प्रेक्षागृहाचे, थ्री-फेज कुठे मिळते, अनामत रक्कम किती दिवसांनी परत येते. तुमच्या सेटला अडीच तास, दिवे टांगायला दोन, ते रोखून लावायला एक आणि ध्वनीला पाऊण तास धरा. सातचा प्रयोग असेल तर बाराला गाडी दाराशी हवी.

कागदपत्रांत लोक एकाच ठिकाणी अडकतात. लेखकाची लेखी परवानगी बहुतेकांकडे असते, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र नसतं. संहिता नवी असेल तर तालमी सुरू होतानाच पाठवा. शेवटच्या आठवड्यात त्याच्या मागे धावणारा कार्यवाह तालमीला नसतो, आणि तालमीला कार्यवाह नसला की चहाही नसतो. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही.

मागच्या रांगांना शब्द कळत नाहीत अशी तक्रार दर प्रयोगाला येते. आवाज वाढवला की माइक शिट्टी मारतो. मंचाच्या कडेला फळीवर ठेवायचे फूट-माइक लावतो, पाच. अजून दोन वाढवू का जी?
— ध्वनी सांभाळणारा कार्यकर्ता, नंदनवन

दोन काढा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी जेवढा आवाज मिळतो त्यातले ३ डेसिबल जातात. पाचही माइक सतत उघडे असतील तर तुम्ही नटाच्या आवाजापेक्षा सभागृहाची घरघर जास्त उचलताय. तीन माइक ठेवा, एक मध्यावर आणि दोन बाजूंना. संवाद ज्या बाजूला चालू आहे त्या बाजूचाच माइक वर, बाकीचे अर्ध्यावर. यासाठी मिक्सरवर बसणाऱ्याने संहिता समोर ठेवून चार तालमी तरी बघितलेल्या हव्यात. ऐनवेळी भाड्याच्या सिस्टिमबरोबर आलेला पोरगा हे करू शकत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

माइकखाली इंचभर जाडीचा स्पंज ठेवा. मंचाची लाकडी फळी म्हणजे ढोलच असतो. नट चालला की धप धप थेट माइकमध्ये जातं. मिक्सरवर १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, संवादाचं त्यात काहीच नुकसान नाही. तुमच्या लेव्हल्स (मंचावरचे उंच चौथरे) आतून पोकळ असतील तर वर जाजम खिळवा. स्पीकर माइकांच्या रेषेच्या पुढे, प्रेक्षकांकडे. एक फूट मागे असला तरी शिट्टी येणारच.

शिट्टी काढण्याची रीत अशी. सभागृह रिकामं असताना आवाज हळूहळू वाढवत न्या. पहिली शिट्टी येईल तो सूर इक्वलायझरवर शोधून तेवढीच अरुंद पट्टी ३-४ डेसिबल खाली घ्या. परत वाढवा, दुसरी शोधा, मग तिसरी. तिथे थांबा. चौथी-पाचवी कापत गेलात तर आवाज रेडिओसारखा होतो. शेवटी सगळा आवाज ६ डेसिबल खाली आणा आणि ती रेघ खडूने आखून ठेवा. प्रयोगात तिच्यावर जायचं नाही.

आता शब्द. शब्द कळतो तो व्यंजनांनी, आणि व्यंजनांची धार २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. नुसता आवाज वाढवला की स्वरच फुगतात, मग ‘काका’ आणि ‘तात्या’ मागच्या ओळीला सारखेच. २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा थोडा खाली घ्या. आवाज कमी वाटेल, शब्द सुटे होतील.

सभागृह लांब असेल आणि मधल्या भिंतींवर दोन स्पीकर जास्तीचे लावत असाल तर त्यांना उशीर द्यावा लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मुख्य स्पीकरपासून २० मीटरवर जादा स्पीकर असेल तर ५८ मिलिसेकंद, त्यावर आणखी १० ते १५. म्हणजे कानाला आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. हा उशीर न देता लावलेले स्पीकर मागच्या रांगांना एकच वाक्य दोनदा ऐकवतात. तुमच्या तक्रारीचं मूळ कदाचित तिथेच असेल.

दुसऱ्या अंकात दिवे गेले. पहिला अंक पूर्ण व्यवस्थित चालला होता, एकही दिवा वाढवला नव्हता. इलेक्ट्रिशियन म्हणाला एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) खराब आहे. खरं का?
— प्रकाशयोजना करणारी विद्यार्थिनी, धरमपेठ

एमसीबी बहुधा ठणठणीत आहे. तुमच्या पत्रात एका फेजवर हजार वॉटचे नऊ पार (मंचावरचे झोतदिवे) आणि ३२ अँपिअरचा एमसीबी असं लिहिलं आहे. २३० व्होल्टला हजार वॉटचा दिवा ४.३ अँपिअर घेतो. नऊ दिव्यांचे ३९. म्हणजे क्षमतेच्या सव्वापटीच्या जवळपास. एमसीबीच्या आत दोन धातूंची पट्टी असते. ती तापून वाकली की तो पडतो. थोड्याशा जास्तीच्या भाराला ती लगेच वाकत नाही, हळूहळू तापत राहते. पहिला अंकभर ती तापत होती आणि तुम्ही दुसऱ्या अंकाला सगळे दिवे एकदम पूर्ण दिलेत.

तीन फेज मिळत असतील तर दिव्यांच्या प्रत्येक फेजवर सातच पार. एका १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीन, चौथा नको. केबल तांब्याची आणि २.५ चौरस मिलिमीटरची. रीळ असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते आणि तिचं वेष्टन वितळतं. डिमर वापरताना न्यूट्रल बारीक ठेवू नका: फेज समतोल असले तरी डिमरमुळे न्यूट्रलमधून बराच प्रवाह वाहतो. ध्वनीला वेगळी फेज घ्या, आणि दिव्यांची केबल माइकच्या केबलला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

एलईडी पार घेतले तर हा सगळा हिशेब सुटतो, हे खरं. हजार वॉटचे वीस दिवे म्हणजे सहा टनांच्या एसीला पुरेल एवढी उष्णता मंचावर सोडणं. एप्रिलच्या प्रयोगात नटाचा मेकअप का वाहतो याचं उत्तर त्यात आहे. पण स्वस्त एलईडीचा चेहऱ्यावरचा रंग निळसर पडतो. वाड्याच्या ओसरीवर संध्याकाळ हवी असेल तर समोरचे चार-सहा दिवे जुनेच असू द्या.

आम्ही झाडीपट्टीतली, पूर्व विदर्भातली मंडळी. नागपुरात सभागृहात प्रयोग करायचा आहे. आमचं नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. काय काय बदलावं लागेल?
— एका नाट्यमंडळाचे व्यवस्थापक, वडसा

तुमच्याकडे मंडईची, म्हणजे गावच्या जत्रेची, रात्र असते. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, आणि पाहुणे सकाळच्या गाडीनेच जाणार असतात. नागपुरातल्या प्रेक्षकाला साडेदहाला घरी जायचं असतं. सभागृहाचं सत्रही तीन-साडेतीन तासांचं. म्हणून अडीच तासांचं नाटक आणि पंधरा मिनिटांचं मध्यंतर, असं बांधा. कापताना विनोदी पात्राचे प्रवेश कापू नका, ते तुमचं बळ आहे. उपकथानक कापा. गाण्यांतली कथा पुढे नेणारी ठेवा.

रंगवलेले पडदे जरूर आणा. शहरातल्या प्रेक्षकाने ते वर्षानुवर्षं बघितलेले नसतात. पण आधी मंचाची रुंदी मागवून घ्या: पडदा अरुंद पडला तर दोन्ही बाजूंना काळं कापड लावून चौकट करा, ताणून शिवू नका. पडदा गुंडाळायची सोय प्रत्येक ठिकाणी नसते, म्हणून तुमचे बांबू आणि दोर सोबत असू द्या. आगपेटी, कंदील, खरी मशाल असलं काही प्रवेशात असेल तर आधी विचारा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील.

सगळ्यांत मोठा बदल गळ्यात. उघड्या मैदानावर हजारोंना ऐकू जाईल असा आवाज तुमच्या नटांना लागतो. तोच आवाज बंद सभागृहात फूट माइकवर दिला तर पहिल्या पाच ओळी कान झाकतात. प्रयोगाच्या दिवशी दुपारी एक तास नुसती शब्दांची तालीम मंचावर घ्या, निम्म्या आवाजात, माइक जवळपास बंद ठेवून. आवाज खाली आला म्हणून अभिनय खाली आणायचा नाही. झाडीपट्टीचा प्रयोग शहरी संयमात करून दाखवला तर लोक विचारतील, मग वडशाहून कशाला बोलावलं?

आमच्या लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर जानेवारीत रात्रीची कबड्डी स्पर्धा घेतो. माती काळी, भेगाळलेली. मॅट परवडत नाही. मुलांचे आणि मुलींचे दोन्ही गट आहेत. गेल्या वर्षी तीन घोटे मुरगळले.
— क्रीडा मंडळ, हुडकेश्वर

घोटा मुरगळला तो भेगेत. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून फाटते. वरून नुसतं पाणी मारून रोलर फिरवला तर भेग झाकली जाते, भरत नाही, आणि आठवड्यात तिथेच उघडते. आधी भेगा कोरड्या असतानाच बारीक मुरूम आणि वाळू मिसळून ठासून भरा. मग वर मुरमाचा थर.

हिशेब असा. मैदान १३ बाय १० मीटर, भोवती जागा धरून २० बाय १६ मीटर तयार करा. १० सेंटिमीटर दाबलेला थर म्हणजे ३२ घनमीटर, सव्वाअकरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). रोलरखाली मुरूम बसतो, म्हणून चौदा ब्रास सांगा. त्यावर खेळायची माती फक्त १५ बाय १२ मीटरवर, ४ सेंटिमीटर: अडीच ब्रास. ही माती ५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेली हवी आणि चार घमेली मातीला एक घमेलं लाकडाचा भुसा. भुशाने अंग कमी सोलतं. त्याहून जास्त घातला तर पाय घसरतो. चढाईत पाय फिरवताना माती धरते की सरकते, हे एखाद्या खेळाडूलाच अनवाणी उतरवून बघा.

पाणी आदल्या संध्याकाळी. सकाळी माती बुटाला चिकटेनाशी झाली की रोलर. चिकटत असताना फिरवला तर थरच्या थर रोलरबरोबर उचलला जातो. मध्यापासून दोन्ही कडांना १०० ला १ उतार ठेवा. जानेवारीतही नागपुरात एखादी सर येते.

आखणीला चुना वापरू नका. ओला झाला की त्वचा भाजतो आणि डोळ्यात गेला तर दवाखाना. खडूची फक्की घ्या. रेघ ५ सेंटिमीटर जाड. काटकोनासाठी दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करून त्रिकोण ताणा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजा: १३ बाय १० चा कर्ण १६.४० मीटर भरला पाहिजे. एक १६.४० आणि दुसरा १६.६० आला तर मैदान तिरकं आहे, पंचाशी भांडण तिथूनच सुरू होतं. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. बाजूच्या राखीव पट्ट्या १ मीटरच्या, त्या १० मीटरमध्येच धरलेल्या असतात. मुलींचं मैदान १२ बाय ८ घेत असाल तर कर्ण १४.४२ आणि निदान रेषा ३ मीटरवर. दोन्ही मैदानं एकात एक आखली तर रात्रीच्या उजेडात कुणालाच काही कळत नाही. एक दिवस मुलींचे सामने, एक दिवस मुलांचे, आणि मधे झाडून नवी आखणी.

दिव्यांसाठी चार कोपऱ्यांत ९ मीटरचे खांब, प्रत्येकावर २०० वॉटचे दोन एलईडी. एवढ्यात मैदानावर पावणेतीनशे लक्सच्या आसपास उजेड पडतो, गल्लीतल्या स्पर्धेला पुरे. खांब अंतिम रेषेच्या मागे मध्यावर उभे करू नका, चढाई करणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर उजेड येतो आणि हात लागला की नाही यावर वाद होतो. नऊनंतर दंव पडायला लागतं. बाहेरचा मुरूम ओलसर होतो आणि कडेला उभे असलेले खेळाडू ती माती पायाने आत आणतात. दोन्ही बाजूंना पोत्याचे पायपुसणे ठेवा, एवढ्याने फरक पडतो.

भोंगा दहाला बंद. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्रात धरला जातो, तिथली मर्यादा दिवसाही कडक असते. पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्या. एका सामन्याला विश्रांती, आखणी, वादावादी धरून तास लागतो. साडेपाचला सुरू केलंत तर रात्री चारच सामने होतात. पत्रिकेवर सहा छापू नका.

आमच्या क्लबची टर्फ खेळपट्टी दुसऱ्याच दिवशी फुटते. जामठ्याच्या आंतरराष्ट्रीय मैदानावरही कधी चेंडू हातभर वळतो, कधी द्विशतकं होतात. माती तर एकच ना?
— क्रिकेट क्लबचे सचिव, हिंगणा

माती जवळपास एकच, तिच्यातलं पाणी वेगळं. जामठ्याचंच बघा. फेब्रुवारी २०१० मध्ये हाशिम अमला तिथे नाबाद २५३ धावा करून गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला, कसोटी तिसऱ्या दिवशी संपली आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला. २०१७ मध्ये श्रीलंकेविरुद्ध विराट कोहलीच्या २१३ धावा.

काळ्या मातीत चिकणमातीचा अंश जास्त. ओलसर असताना दाबली तर ती दगडासारखी बसते, फक्त ती वेळ नेमकी साधावी लागते. वरून मातीचा गोळा घ्या, तळहातांत वळा. पेन्सिलीएवढी वळी न तुटता झाली आणि हाताला चिखल लागला नाही, की रोलर. आधी फिरवला तर चिकटते, उशीर झाला तर नुसती वरची कातडी गुळगुळीत होते. तुमच्याकडे हेच होत असावं. नागपूरच्या कोरड्या हवेत वरचा सेंटिमीटरभर थर दुपारपर्यंत सुकतो, खाली ओल तशीच राहते, मग वरचा पापुद्रा सुटून निघतो. सामन्याच्या दहा दिवस आधी खोलवर पाणी द्या, झाका, आणि रोज थोडा वेळ फिरवत ती ओल सावकाश वर खेचा. दुपारी उघडी टाकू नका.

गवत पूर्ण खरवडता का? मुळं हीच मातीची शिवण. ४ ते ६ मिलिमीटर जिवंत गवत राहू द्या. वाळलेलं पिवळं गवत दिसायला तसंच दिसतं, पण त्याची मुळं काहीच धरत नाहीत.

हॉलमध्ये मे महिन्यात चार कूलर लावून बॅडमिंटन खेळतो. शटल भलतीकडे जातं आणि एका दिवसात पिसं तुटतात.
— मानकापूर

कूलर खेळताना बंद ठेवा. आधी अर्धा तास चालवा, गेम संपल्यावर पुन्हा, आणि छताजवळचे एक्झॉस्ट मात्र सुरू असू द्या. लाकडी फळीवर कूलरची दमट हवा सतत गेली तर फळ्या कडांनी वर येतात, आणि बूट घसरतो ते वेगळंच.

पिसं तुटतात ती कोरडेपणाने. डबीची दोन्ही टोकं उघडून उकळत्या पाण्याच्या वाफेवर पाच-सहा सेकंद धरा, पिसांच्या बाजूने. झाकण लावून रात्रभर ठेवा. बूच भिजू देऊ नका. उन्हाळ्यात हवा विरळ होते, शटल लांब पळतं, म्हणून हिवाळ्यापेक्षा एक क्रमांक कमी वेगाचं घ्या: ७७ वापरत असाल तर ७६. तपासायला मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारा. समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर ते योग्य.

व्हीसीएच्या (विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या) मैदानावर सामना म्हणजे नेमकं कुठे जायचं? आणि जागा कोणत्या बाजूची घ्यावी?
— भंडारा

मैदानं दोन आहेत. सिव्हिल लाइन्समधलं जुनं, आणि वर्धा रोडवर गावाबाहेर जामठ्याचं, २००८ पासूनचं, सुमारे ४५ हजार आसनांचं. आंतरराष्ट्रीय सामने जामठ्याला. रणजीचे मात्र दोन्हीकडे होतात, तेव्हा तिकिटावरचा किंवा वेळापत्रकातला पत्ता वाचूनच निघा. रेल्वे स्टेशनवरून मेट्रोने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून खापरीची ऑरेंज लाइन. खापरीहून पुढचे काही किलोमीटर बसने किंवा ऑटोने. येताना गर्दी एकदम सुटते, म्हणून परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. दिवसाचा सामना असेल तर पश्चिमेकडच्या स्टँडची जागा बघा: दुपारनंतर ऊन पाठीमागे जातं. पूर्वेला बसलात तर सूर्य मावळेपर्यंत टोपीचा कोना धरून बसावं लागेल.